पास्टोरेट कमिटीच्या ठरावापासून दीक्षाविधीपर्यंत

2025 च्या मे महिन्यात, 18 तारखेच्या रविवारी, माझा प्रेसबिटर, म्हणजे पूर्ण दीक्षित पाळक, म्हणून दीक्षाविधी झाला. तेव्हापासून अधूनमधून फोन येतात. पलीकडे बहुतेक वेळा विशीतली मुलगी किंवा मुलगा असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, पाळक व्हायचं तर अर्ज कुठे करायचा?" सुरुवातीला अर्ज कुठेच करायचा नसतो, आणि हे फोनवर नीट समजावता येत नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे. माझा अनुभव चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, म्हणजे सीएनआयचा, त्यातही नगरकडच्या खेड्यांमधला. दुसऱ्या डायोसिसमध्ये कागदांची नावं आणि क्रम थोडा बदलेल, पण वाट साधारण हीच.

आमची रचना ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगते. सीएनआयची स्थापना 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात झाली. अँग्लिकन चर्च, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मिळून झालेलं युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, मेथडिस्टांची एक शाखा, ब्रेदरन आणि डिसायपल्स अशी सहा वेगवेगळी चर्चेस त्या दिवशी एक झाली. आमच्या गावची मंडळी मूळची अमेरिकन मराठी मिशनची. हे मिशनरी 1813 मध्ये मुंबईला आले आणि 1831 मध्ये त्यांनी नगरला ठाणं उघडलं. त्यामुळे नगर, नेवासे, राहुरी या पट्ट्यात जुन्या लहान लहान मंडळ्या पुष्कळ आहेत. एका पास्टोरेटमध्ये एक मुख्य चर्च आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरच्या मंडळ्या असतात. अशी पास्टोरेट मिळून डायोसिस होतं, त्यावर बिशप, आणि सगळी डायोसिस मिळून सिनड. पाळकाची नेमणूक आणि बदली डायोसिस करतं. उमेदवार मात्र मंडळीतूनच पुढे यावा लागतो, आणि पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

2017 चा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, 14 एप्रिलला आला होता. आंबेडकर जयंतीही त्याच दिवशी. आमच्या वस्तीत एकाच भावकीतली काही घरं ख्रिस्ती, काही बौद्ध. दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना झाली, संध्याकाळी त्याच रस्त्यावरून मिरवणूक निघाली, आणि दोन्हीकडे पाणी वाटायला तीच पोरं होती. त्या वर्षी पाचव्या उद्गारावर, "मला तहान लागली आहे" यावर, मला बोलायला सांगितलं होतं. मी तेव्हा बी.कॉम. होऊन एका पतसंस्थेत काम करत होते. उपासनेनंतर आमच्या पाळकसाहेबांना म्हटलं, "साहेब, मला सेमिनरीत जायचंय." ते म्हणाले, "चांगलं आहे. आता हे आधी घरी सांग, मग महिला मंडळाला सांग, आणि तीन महिन्यांनी पुन्हा माझ्याकडे ये."

तेव्हा मला ही टाळाटाळ वाटली. आज माझ्याकडे कुणी आलं तर मीही हेच सांगते. घरी आईने ऐकून घेतलं. वडिलांनी मात्र बरेच दिवस विषय काढू दिला नाही. त्यांना पाळकांचे पगार ठाऊक होते. दर काही वर्षांनी होणाऱ्या बदल्या आणि परसाकडला पाणी नसलेले पाळकबंगले त्यांनी कमिटीवर असताना पाहिले होते. महिला मंडळातल्या बायका उलट लगेच कामाला लागल्या. दर बुधवारच्या घरप्रार्थनेला एक वचन मी सांगायचं असं त्यांनीच ठरवून टाकलं. त्या तीन महिन्यांत मंडळीने मला पाहिलं. पाळकसाहेबांनी सांगितलेल्या मुदतीचा उपयोग तोच होता.

ऑगस्टमध्ये विषय पास्टोरेट कमिटीपुढे गेला. इथे एक सूचना. "कमिटीने होकार दिला" एवढ्यावर घरी जाऊ नका. ठराव क्रमांक, बैठकीची तारीख, सूचक आणि अनुमोदकाची नावं, अध्यक्ष आणि सचिवांची सही, पास्टोरेटचा शिक्का असा ठरावाचा उतारा हातात घ्या आणि त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. पुढे प्रत्येक टप्प्यावर तो मागतात. माझ्या वेळी कमिटीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं होतं, "पोरगी आहे, वाड्यांवर रात्रीबेरात्री कशी जाईल?" सीएनआयमध्ये बायकांना दीक्षा द्यायला नियमाची कसलीही आडकाठी नाही आणि कित्येक वर्षांपासून ती दिली जाते. तरी खेड्यातल्या कमिटीत हा प्रश्न येतोच. उत्तर मी दिलं नाही, आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी दिलं: "आमच्या पोरी दवाखान्यात रातपाळी करतात, तशी जाईल." ठराव त्याच बैठकीत झाला.

मग कागदपत्रं. बाप्तिस्म्याचा उतारा, दृढीकरणाचा दाखला, दहावी-बारावी-पदवीची गुणपत्रकं, पाळकांचं आणि मंडळीतल्या दोन जबाबदार माणसांचं शिफारसपत्र, वैद्यकीय दाखला, पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी, आणि शिक्षणात खंड असल्यामुळे गॅपचं प्रतिज्ञापत्र.

बाप्तिस्म्याच्या उताऱ्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. माझा बाप्तिस्मा आजोळच्या मंडळीत झालेला, दुसऱ्या तालुक्यात. तिथल्या व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चलगतच्या खोलीत, लोखंडी कपाट होतं, त्यात खाकी कापडात बांधलेली रजिस्टरं. सचिव दादांनी बांधणी सोडली आणि टेबलावर एक लांबलचक वही उघडली. क्रमांक, तारीख, बालकाचं नाव, आईबापांची नावं, राहणार, धंदा, विधी करणाऱ्याची सही असे रकाने. धंद्याच्या रकान्यात पानंच्या पानं "मजुरी" लिहिलेलं. मधेच कुठे "शिक्षक", कुठे "नर्स", एका ठिकाणी "गवंडी". निळ्या शाईत माझं नाव सापडलं, रूथ. शाळेच्या दाखल्यावर मात्र मी ऋता आहे, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी तसं लिहिलं आणि घरी कुणी हरकत घेतली नाही.

अशी दोन नावं आपल्या लोकांत घरोघरी आहेत. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टाबाहेर 100 रुपयांच्या स्टॅम्पवर "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र केलं. टायपिंग आणि नोटरी धरून 350 रुपये गेले. आता स्टॅम्पचा दर वाढलाय, तेव्हा जास्त लागतील. ज्यांना पुढे पासपोर्ट, बँक, व्हिसा या भानगडीत पडायचंय त्यांनी राजपत्रात नावबदल करून घेतलेला बरा. पण डायोसिसला प्रतिज्ञापत्र चाललं. उतारा घेताना त्यावर रजिस्टरचा पान क्रमांक लिहून घ्या. कपाटं बदलतात, सचिव बदलतात, पान क्रमांक असला की पुढच्या वेळी शोध पाच मिनिटांत लागतो.

अर्ज आणि कागद ऑक्टोबरमध्ये डायोसिसच्या कार्यालयात दिले. मुलाखतीचं पत्र आलं फेब्रुवारी 2018 मध्ये. मधले महिने फार जड गेले. फोन केला की "अजून बैठक ठरलेली नाही" एवढंच उत्तर. आपल्यात काहीतरी कमी आढळलं असणार, असं मनात येत राहायचं. नंतर कळलं की उमेदवार पुरेसे जमल्याशिवाय मंडळाची बैठक लावत नाहीत, येणाऱ्यांचा प्रवासखर्च त्यांना करावा लागतो. उत्तर येत नाही म्हणजे नकार आहे, असं समजू नका. पोचपावतीवर आवक क्रमांक आहे ना एवढं पाहा आणि महिन्यातून एकदाच विचारा.

मुलाखत दोन दिवस चालली. काही पाळक, काही सामान्य सभासद आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका असे बसले होते. एक स्तोत्र मोठ्याने वाचायला लावलं, साक्ष सांगायला लावली. "मंडळीत दोन गट असतील आणि दोघे तुला वेगवेगळं जेवायला बोलावतील तर?" असे प्रश्न होते. मला सगळ्यात आवडला तो प्रश्न त्या बाईंचा: "तू आजारी माणसाजवळ न बोलता किती वेळ बसू शकतेस?" एक प्रश्न फक्त मुलींनाच विचारला, लग्नानंतर बदली कुठे मागशील. लग्न झालेल्या मुलाला बायकोच्या नोकरीबद्दल कुणी विचारलं नाही. ही पद्धत बदलायला हवी आणि आता मंडळात जाणाऱ्यांनी ती बदलावी असं मला मनापासून वाटतं. मी सांगितलं, "बिशप पाठवतील तिथे जाईन, जसे बाकीचे जातील."

मे महिन्यात निवडीचं पत्र आलं. पुण्याच्या युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीची प्रवेश परीक्षा झाली, आणि पावसाळ्यात मी वसतिगृहात दाखल झाले. बीडीची, म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटीची, पदवी सेरामपूर विद्यापीठाची. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी 1818 मध्ये बंगालमध्ये ते कॉलेज काढलं, आणि त्याच सेरामपूरच्या छापखान्यातून 1811 मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला होता. शिष्यवृत्तीच्या किंवा बँकेच्या फॉर्मवर "सेरामपूर, पश्चिम बंगाल" असं पूर्ण लिहा. आमच्याकडे खिडकीवरचा माणूस हमखास नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर समजतो आणि फॉर्म परत करतो.

खर्चाचं सांगते, कारण हा प्रश्न विचारायला मुलं लाजतात. डायोसिसने पुरस्कृत केलं की फीचा मोठा भाग तिकडून जातो. माझ्या वाट्याला खानावळ, पुस्तकं, प्रवास धरून वर्षाला वीस हजारांच्या आसपास आले. पहिल्या वर्षाचे पैसे पतसंस्थेतल्या बचतीतून दिले. दुसऱ्या वर्षी आमच्या मंडळीने कापणीच्या सणाच्या अर्पणातला वाटा दिला. त्या सणाला लोक बाजरी, गहू, कोंबड्या, भोपळे, अंडी आणतात आणि चर्चच्या आवारातच लिलाव होतो. एका आज्जींनी आणलेला भोपळा तीनदा विकला गेला, कारण घेणारा प्रत्येक जण तो पुन्हा अर्पण करत होता. त्या पैशांतून ग्रीकचं व्याकरण आणि शब्दकोश घेतला.

बीडीला ग्रीक किंवा हिब्रू यांपैकी एक भाषा करावी लागते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी ग्रीकची धास्ती घेऊ नये. आपण शाळेत विभक्ती पाठ केलेल्या असतात, त्यामुळे शब्दाचं रूप बदललं की अर्थ बदलतो ही गोष्ट आपल्याला नवी नसते. जड जातं ते इंग्रजी. काही विषयांचे पेपर सेनेटकडून, म्हणजे सेरामपूरहून, येतात, काही कॉलेजचे असतात, आणि सेनेटच्या पेपरांसाठी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणं हाच उपाय. शनिवार-रविवारी प्रत्येकाला एखाद्या मंडळीत सेवेला पाठवतात. त्यातून मी कोल्हापूरकडच्या, नागपूरकडच्या, मुंबईच्या मुलांबरोबर राहिले. एकाच चर्चमध्ये किती तऱ्हा आहेत हे खोलीतच कळलं. कोल्हापूरकडची मंडळी प्रेस्बिटेरियन वळणाची, नागपूरची मैत्रीण स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेली, मुंबईची एक मुलगी अँग्लिकन प्रार्थनापुस्तकावर वाढलेली. आम्हा नगरकरांना टाळ-मृदंगाशिवाय भजन अपुरं वाटतं. पहाटेच्या प्रार्थनेला कुठल्या चालीत गायचं यावर वाद व्हायचे, मग आळीपाळीने गायचो.

मार्च 2020 मध्ये वसतिगृह रिकामं झालं. त्या वर्षीचा ईस्टर 12 एप्रिलला, सगळी चर्चेस बंद. शहरातल्या मंडळ्या व्हिडिओवर उपासना करत होत्या. आमच्या वस्तीत स्मार्टफोन मोजकेच, आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. पाळकसाहेब सकाळी सहाला साध्या फोनवरून पाच-पाच घरं एकत्र जोडायचे, एक वचन, एक प्रार्थना, मग पुढची पाच घरं. मी त्यांना यादी करून दिली होती. 2021 च्या दुसऱ्या लाटेत मात्र यादीतली नावं कमी होत गेली. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. एका वस्तीवर तर पेटी उचलायला चार माणसंही मिळत नव्हती, शेजारच्या कॅथलिक चर्चच्या तरुणांनी आणि मशिदीतल्या मुलांनी येऊन कबर खणली. कबरस्थानाच्या भिंतीबाहेर उभ्या राहिलेल्या मुलीला फोनवर प्रार्थना ऐकवली. त्या दोन महिन्यांत मी जे पाहिलं ते अभ्यासक्रमात कुठल्याही पेपरात नव्हतं, आणि मला ते कधीही विसरायचं नाही.

2022 च्या उन्हाळ्यात शिक्षण संपलं. पदवी पुढच्या वर्षीच्या पदवीदानात मिळते, तोवर तात्पुरता दाखला चालतो, तो मागून घ्या. जूनपासून मला परिवीक्षाधीन, म्हणजे दीक्षेआधी उमेदवारी करणारी, म्हणून नेमणूक मिळाली. एक मुख्य चर्च आणि नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या वस्त्या. मानधन महिना 9,000. ते पास्टोरेटच्या वर्गणीतून यायचं, त्यामुळे सुगीच्या आधीच्या महिन्यांत उशीर व्हायचा. सेकंडहँड स्कूटर 28,000 ला घेतली, हप्त्यावर. नव्याने जाणाऱ्यांनी दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच रुजू व्हावं. घराची किल्ली घेताना छप्पर, मीटरचं मागचं बिल आणि पाण्याची सोय पाहून चार्ज घेतल्याच्या कागदावर लिहून घ्यावं. मला आधीच्या थकीत वीजबिलाची नोटीस पहिल्याच आठवड्यात आली होती. चार्ज घेतल्याचा कागद होता म्हणून ते कमिटीने भरलं.

खरं काम मला त्या पास्टोरेटने शिकवलं. दिवाळीनंतर एका रविवारी वस्तीवरच्या चर्चमध्ये गेले तर म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं तेवढी होती. बाकी सगळे कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेले. मंडळीच्या यादीत नावं आहेत, पण नोव्हेंबर ते एप्रिल ती माणसं कारखान्यांच्या भोवती कोप्यांमध्ये राहतात. 2022 चा नाताळ रविवारी आला होता. गावात मोठी उपासना झाली, आणि आमच्या मंडळीतली निम्मी घरं त्या दिवशीही फडात होती, कारण कारखाना नाताळला बंद नसतो.

मग मुकादमांचे नंबर मिळवले आणि जानेवारीत रात्री तळावर जायला सुरुवात केली. सोबत मंडळीतला एक तरुण आणि त्याची बायको. पोचायचो आठच्या सुमाराला. बायका तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत असायच्या, अंगाला पाचटाचे ओरखडे, मुलं वाढ्यांच्या ढिगाऱ्यावर पेंगलेली. पहाटे तीनला पुन्हा फडात जायचं असल्यामुळे उपासना अर्ध्या तासाची. ट्रॅक्टरचा दिवा सुरू ठेवायचे, त्याच्या उजेडात वचन वाचायचं. तिथे लांबलचक उपदेश चालत नाही. मी एकच गोष्ट सांगायचे, मग ज्याला प्रार्थनेसाठी काही सांगायचंय त्याने सांगायचं. कमरेचं दुखणं, उचलीचं कर्ज, गावाकडे ठेवलेली पोरं, आणि बऱ्याचदा गाडीखाली येता येता वाचलेलं कुणीतरी.

एका रात्री एका जोडप्याने तीन महिन्यांचं बाळ पुढे केलं. "बाई, बाप्तिस्मा द्या, गावाकडे जाईपर्यंत कशाला थांबायचं?" मला तो अधिकार नव्हता. जीव धोक्यात असेल तर कुणीही देऊ शकतो, पण बाळ टुणटुणीत होतं. आमच्या पास्टोरेटचे प्रेसबिटर दोन आठवड्यांनी यायचं कबूल झाले. तेवढ्यात टोळी दुसऱ्या कारखान्याला हलली, तो कारखाना दुसऱ्या पास्टोरेटच्या हद्दीत, आणि तिथल्या पाळकांना पत्र, त्यांची तारीख, असं होत होत हंगाम संपला. बाळाचा बाप्तिस्मा मे महिन्यात गावी झाला, छान झाला. पण दीक्षा कशासाठी घ्यायची हे मला त्या तळावर कळलं. ती माणसं चर्चपर्यंत येऊ शकत नाहीत, आणि पास्टोरेटच्या हद्दी कारखान्यांच्या हद्दींशी जुळत नाहीत.

26 नोव्हेंबर 2023 ला डीकन, म्हणजे प्रेसबिटरच्या आधीची पायरी, म्हणून दीक्षा झाली. त्याआधी आमच्याकडे उमेदवारांची नावं मंडळ्यांमध्ये वाचून दाखवतात, कुणाची हरकत असेल तर लेखी कळवायची मुदत असते. मग तीन दिवसांचं मौनशिबिर, प्रतिज्ञापत्रावर सही, आणि दीक्षाविधी. सुती पांढरा कॅसक, म्हणजे पाळकाचा पायघोळ झगा, शिवून घ्या, टेरिकॉटच्या नादी लागू नका, उन्हाळ्यात जीव जातो. मला शिलाईसकट 1,900 पडले.

डीकन म्हणून बदली झाली ती एका रेल्वे जंक्शनच्या गावी, इंग्रज काळातल्या अँग्लिकन चर्चमध्ये. आमच्या खेड्यात प्रभुभोजन बसल्या जागी लहान लहान पेल्यांतून देतात, इथे लोक वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकतात आणि प्याला एकच. सकाळची उपासना इंग्रजीत, नंतरची मराठीत, आणि बाकांवर रेल्वेतली तमिळ, तेलुगू कुटुंबं. सुरुवातीला काही जुन्या सभासदांनी माझ्या हातची भाकर घेताना रांग बदलली. मी त्यांच्या घरी आधी जायला लागले. आजारपण, नातवाचा निकाल, पेन्शनचा कागद, जे असेल त्यात बसले. पुढच्या ईस्टरला रांग एकच होती.

लग्नाची रजिस्टरं मी तिथे शिकले. ख्रिस्ती विवाहाचा कायदा 1872 चा, आणि खास परवाना नसेल तर लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळात लागावं लागतं. वऱ्हाड उशिरा येणार हे गृहीत धरून मुहूर्ताची वेळ चारच्या पुढे देऊ नका. दोन साक्षीदार, वयाचे पुरावे, दोन्ही मंडळ्यांची पत्रं आणि जाहिराती, म्हणजे चर्चमध्ये लग्नाची आगाऊ घोषणा, वाचल्याची नोंद आधीच तपासा. खाडाखोड झाली तर पांढरी शाई लावायची नाही, एक रेघ मारून बाजूला सही करायची. त्या पानावरच पुढे एखाद्या मुलीची पोटगी किंवा वारसाहक्क अवलंबून असतो.

प्रेसबिटरची दीक्षा 2024 च्या अखेरीस व्हायची होती. आमचे बिशप निवृत्त झाले आणि तारीख पुढे गेली. अशा वेळी मॉडरेटरांच्या, म्हणजे सिनडच्या प्रमुखांच्या, वतीने दुसरे बिशप कारभार पाहतात, पण त्यांना स्वतःचं डायोसिसही असतं. दुसऱ्यांदा तारीख हलली तेव्हा गावाहून ठरवलेली जीप रद्द करावी लागली, आगाऊ दिलेले 2,000 परत मिळाले नाहीत. राग आला होता, लपवत नाही. वडिलांनी, ज्यांना हे सगळं सुरुवातीला नको होतं, फोनवर सांगितलं, "तारीख त्यांची, काम तुझं. काम थांबलंय का?" काम थांबलं नव्हतं.

18 मे ला अवकाळी पावसाने मांडव भिजला, तरी उपासना वेळेवर सुरू झाली. डीकनच्या दीक्षेत एकटे बिशप हात ठेवतात. प्रेसबिटरच्या वेळी बिशपांबरोबर हजर असलेले सगळे प्रेसबिटर हात ठेवतात. डोक्यावर ते वजन खरोखर जाणवतं, मान ताठ ठेवावी लागते. त्याआधी बिशप जमलेल्या लोकांना विचारतात की यांना दीक्षा द्यावी अशी तुमची इच्छा आहे का. आमच्या वस्तीतल्या बायकांनी दिलेलं उत्तर मागच्या भिंतीपर्यंत गेलं असेल. कमिटीत रात्रपाळीचं उदाहरण देणाऱ्या मावशी पहिल्या रांगेत होत्या.

जून 2025 पासून मी पुन्हा साखरपट्ट्यात आहे, मागूनच घेतली ही जागा. आल्यावर पहिल्यांदा शेजारच्या दोन पास्टोरेटच्या पाळकांशी बोलले. बिशपांकडे मिळून एक अर्ज केला की हंगामापुरतं आम्हा तिघांना एकमेकांच्या हद्दीतल्या तळांवर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन देण्याची आगाऊ परवानगी असावी, दरवेळी पत्र लागू नये, आणि नोंद मात्र कुटुंबाच्या मूळ मंडळीच्या रजिस्टरमध्ये व्हावी. परवानगी सप्टेंबरात आली. आता मुकादमांकडून टोळ्यांची यादी गोळा करते आहे, कोणता कोयता, म्हणजे तोडणीचं जोडपं, कुठल्या कारखान्याला जाणार याची. तुमच्या मंडळीतलं कुणी नगरकडच्या कारखान्यांवर तोडीला येत असेल तर गावाचं नाव, कारखाना आणि मुकादमाचा नंबर तुमच्या पाळकांकडे द्या. ते आमच्यापर्यंत पोचवतील. गाळप दिवाळीनंतर सुरू होतं, त्याआधी मिळालं तर पहिल्याच पंधरवड्यात तळावर येता येईल.